पंपाचं बिऱ्हाड

ढालेगावच्या पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडली तेव्हा दुपारचा पाऊण वाजला होता आणि माजलगावातलं लग्न साडेबाराचं होतं. म्हणजे उशीर आधीच झालेला होता. गाडीनं त्यावर फक्त शिक्का मारला. मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि बायकोकडं बघितलं. तिनं मुकाट्यानं पिशवीतून टॉवेल काढला. आहेराचा होता. ‘‘अहो, याची परत घडी घालून द्यायची नाही आपण, एवढं लक्षात ठेवा,’’ इतकंच म्हणाली. मी टॉवेलावर पिण्याच्या पाण्याची बाटली रिकामी केली, टॉवेल पेट्रोलच्या पंपाला गुंडाळला आणि बाभळीखाली जाऊन उभा राहिलो. मागच्या सीटवर आई जपमाळ ओढत होती.

गाडी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढं अखंड बाक. हिच्या आधीच्या, पाठ फुगलेल्या गाडीला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. हिच्या वाट्याला तसलं काही आलं नाही, कारण कुर्ल्याच्या कारखान्यानंच १९७४ पासून तिला राणीचं नाव देऊन टाकलं होतं. पद्मिनी म्हणजे कमळाची वेल. पाण्याशिवाय तिचा जीव रमत नाही, असा सोयीचा अर्थ मी इतकी वर्षं लावत आलो आणि डिकीत कायम एक फडकं नि दोन बाटल्या बाळगत आलो, नेमका तोच दिवस सोडून. मुंबईत शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आमची अजून चालते. म्हणजे तेव्हा सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर चालायची.

ज्यांनी जुनी गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाकी असते मागं. पंप असतो पुढं, इंजिनाच्या अंगाला चिकटलेला. इंजिन फिरलं की कॅमशाफ्ट एक दांडा हलवतो, दांडा पंपातला रबरी पडदा खालीवर करतो आणि त्या ओढीनं पेट्रोल मागून पुढं येतं. ना वायर, ना बटण. थंड मुलखात यासारखी सुटसुटीत गोष्ट नाही. पण आमच्या पाथरीत मे महिन्यात सावलीतला पारा त्रेचाळिसावर. डांबराचा निराळा, आणि बॉनेटखालचा तर विचारूच नका. त्यात पेट्रोल हा काही एकजिनसी पदार्थ नव्हे, ती मिसळ आहे. तिच्यातला हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांतच उकळायला लागतो, आणि ओढीमुळं नळीतला दाब उतरला की त्याच्याही आधी. मग नळीत पेट्रोलच्या जागी वाफ. पडदा बिचारा वाफच दाबतो नि सोडतो, लोहाराच्या भात्यासारखा, आणि कार्बोरेटर कोरडा ठणठणीत. दोष गाडीचा नाही, सूर्याचा आहे. कसाऱ्याच्या घाटात एकेकाळी फियाट काय नि अ‍ॅम्बेसिडर काय, डोक्यावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवलेल्या तापाच्या पेशंटसारख्या उभ्या असत.

आता त्यात इथेनॉलची भर पडली. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं हल्ली. पेट्रोलमधल्या हलक्या भागांशी त्याची अशी गट्टी जमते की दोघंही लवकर उडून जातात. शिवाय जुन्या रबराच्या नळ्या नि पडदे ते फुगवतं, चिरतं. हे इथेनॉल उसापासूनही होतं आणि ऊस आमच्या गोदाकाठी कमी नाही. म्हणजे आमच्याच शेजारचा ऊस कारखान्यात जाऊन, नाव बदलून, आमच्याच टाकीत येतो आणि आम्हालाच उन्हात उभं करतो. सोयऱ्यांची ही रीत जुनीच आहे.

तर पुलाच्या अलीकडे आम्ही असे उभे असताना एक म्हातारे शेतकरी मोटारसायकल थांबवून आले. त्यांनी टॉवेल बघितला, मला बघितलं, मग वाकून नळी कुठून कुठं जाते ते बघितलं.

‘‘हवा धरायलीय की मोटार,’’ ते म्हणाले.

इंग्रजी पुस्तकातून मी या दुखण्याला जे लांबलचक नाव शोधून ठेवलं होतं ते तिथंच गळून पडलं. विहिरीवरची मोटार हवा धरते हे इथलं शेंबडं पोर सांगेल.

‘‘सर, पानी खाली अन् मोटार वरी. हिरीत असं भागतंय का? मोटार पान्याच्या जवळ न्या की.’’

एवढं बोलून ते गेले. मी तेवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. हवेचा दाब शिकवलाय, फळ्यावर पंप काढलेत. काठावर ठेवलेली मोटार पंचवीस फुटांच्या खालचं पाणी ओढायला कुरकुरते, म्हणून लोक विहिरीतच कप्पा पाडून ती खाली उतरवतात आणि पाणी आणखी खोल गेलं की पाणबुडी सोडतात, हे माझ्याच शेतात घडलेलं. ओढायचं तर हवेचा दाब पुरेल तेवढंच. ढकलायचं तर मोटारीत दम असेल तेवढं. शिवाय ढकललेल्या पेट्रोलवर दाब असतो, त्यामुळं ते उकळायलाही वेळ घेतं. हे सगळं येत असून मी एवढी वर्षं फडकी भिजवत होतो.

गाडी सव्वाला सुरू झाली. लग्नात आम्हाला जिलेबी मिळाली, नवरा-नवरी मिळाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या उस्तादांकडं गेलो. आमच्या गाडीची नस त्यांना ठाऊक. त्यांच्या अब्बांनी तिचं इंजिन दोनदा बांधलेलं. विजेवरचा पंप आणायचा, तो मागं टाकीजवळ बसवायचा, पुढचा काढून टाकायचा, असं मी म्हटलं. त्यांनी हात पुसले.

‘‘सर, कंपनीने जिधर बिठाया उधर बिठाया. उसकू कायकू हिलाते?’’

आता हलवण्याला पाथरीच्या माणसानं भ्यावं असं खरं तर काही नाही. पाथरीच्या कुलकर्ण्यांचं एक घराणं विजयनगरच्या मुलखात गेलं, तिथला एक मुलगा बहमनी फौजेच्या हाती लागला, मलिक हसन झाला, चढत चढत बहमनींचा वजीर झाला आणि त्याच्या मुलानं १४९० मध्ये निजामशाही उभी केली. हे इतिहासकार फरिश्त्यानं लिहून ठेवलंय. पुढं नातवाला, बुऱ्हाण निजामशहाला, वाडवडिलांचं गाव इतकं हवंसं झालं की त्यानं वऱ्हाडच्या इमादशहाकडून पाथरी लढून घेतली. साईबाबाही मूळचे आमचेच अशी गावाची श्रद्धा. जानेवारी २०२० मध्ये सरकारनं जन्मस्थान म्हणून पाथरीसाठी १०० कोटी जाहीर केले तर शिर्डीनं बंद पाळला. खरं-खोटं साईंना ठाऊक. पण पाथरीतून हलल्यामुळं कुणाचं वाईट झाल्याची नोंद नाही. मी जन्मापासून इथंच असल्यानं माझ्याबद्दल काही पुरावा देता येत नाही.

उस्तादांना मी यातलं काही सांगितलं नाही. विहिरीचं सांगितलं. त्यांची मुंडी हलली. ‘‘बनी तो बनी, नहीं तो परभणी,’’ म्हणाले आणि पान्यांची पेटी ओढली.

पहिल्या फेरीत ती परभणीच झाली. मी हौसेनं भंगारातून एका अलीकडच्या इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप आणला होता. तो चाळीस पौंडांच्या वर दाब देतो. आमच्या कार्बोरेटरच्या सुईला तीन पौंड म्हणजे पोटभर. चावी फिरवली आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल दूध उतू जावं तसं बाहेर आलं. उस्ताद ‘‘चावी बंद! बीडी बंद!’’ असे एका दमात ओरडले. बिडी समोरच्या टपरीवरच्या माणसाच्या हातात होती, त्यानंही विझवली. मग औरंगाबादेहून मुद्दाम कार्बोरेटरच्या गाड्यांसाठीचा, तीन पौंडी पंप मागवला. गावाचं नाव आता बदललंय, मला माहीत आहे. जिभेला अजून कळवायचंय.

पंप टाकीच्या बुडाच्या पातळीला बसवला, सायलेन्सरपासून लांब, खाली रबर घालून. त्याच्या आधी फिल्टर. इथपर्यंत उस्ताद खुश होते. वाद झाला तो वायरिंगवर. चावीच्या वायरीला ब्लेडनं सोलून एक जोड मारायचा, वर टेप, झालं, असा त्यांचा बेत. मी हटून बसलो. चाळीस वर्षांची वायर, आतून हिरवी पडलेली, तिच्यावर आणखी एक पोट कुठं वाढवता? चावीचा स्विच म्हणजे तहसीलदार. त्यानं सही करावी, पोती उचलू नयेत. पोती उचलायला कोतवाल पाहिजे, तो म्हणजे रिले. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड लाल वायर रिलेत, रिलेतून दारांच्या उंबऱ्याखालून डिकीपर्यंत. चावीकडून रिलेला फक्त बारीक वायरीनं निरोप. पत्र्यातून जिथं जिथं वायर गेली तिथं रबरी कडी. शिवाय अपघातात इंजिन बंद पडलं नि पंप मात्र ढकलतच राहिला तर आग लागायची. म्हणून तो निरोप तेलाच्या दाबावर चालणाऱ्या वेगळ्या स्विचमधून फिरवला. इंजिन फिरतंय तोवर तेलाला दाब, दाब आहे तोवर पंप. सुरू करताना दाब नसतो, त्यासाठी डॅशबोर्डखाली दाबून धरायचं एक बटण. उस्तादांनी शेतीच्या स्टार्टरचं हिरवं बटण काढून दिलं. पुढच्या जुन्या पंपाच्या भोकावर जाड पट्टी आली. तिचं पॅकिंग उस्तादांनी कसं कापलं ते बघण्यासारखं होतं: कागद भोकावर ठेवला आणि हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं टिचक्या मारत गेले, कागद आपोआप कडेवर कापला जाऊन हातात आला. कात्री नाही, माप नाही.

सगळं जोडून बटण दाबलं. पंप कण्हला नि थांबला.

‘‘अर्थ,’’ आम्ही दोघं एकदम म्हणालो. काळी वायर रंगावरच आवळली होती. उस्ताद डिकीत शिरले आणि पॉलिशपेपरनं घासायला लागले. क्रीम रंग गेला. त्याखाली तांबडा प्रायमर. त्याखाली निळा. चांगला आकाशी निळा. मी म्हटलं, भलतंच काहीतरी. वडिलांनी ही क्रीम रंगाची गाडी दारात आणली तो दिवस मला लख्ख आठवतो, आईनं ओवाळलं, क्रीम रंगावर कुंकू उठून दिसत होतं. त्यावर शाळेत निबंधही लिहिला होता. उस्तादांनी काही न बोलता आणखी घासलं. आकाशीखाली लोखंड चमकलं.

घरी येऊन आईला विचारलं. ‘‘निळीच आणली होती,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या ताईच्या लग्नात क्रीम केली. कुंकू कुठलं, हळद होती. कुंकू संपलं होतं त्या दिवशी.’’ जन्मस्थानाच्या वादात मी तेव्हापासून पडत नाही.

लोखंडाला अर्थ मिळाला आणि पंप बोलायला लागला. टक, टक, टक. कार्बोरेटर भरला की हळू, मग अगदी सावकाश. सकाळी गाडी काढताना पाच सेकंद हिरवं बटण दाबायचं, टकटक मंदावली की स्टार्टर. आईला मात्र ती पाल वाटते. मागच्या सीटवर बसून ती दर टकटकीला बोटानं दार वाजवून ‘‘कृष्ण, कृष्ण’’ म्हणते. बायकोच्या मनात शंकेची पाल निराळी: या सगळ्याला एकूण किती लागले. तो आकडा मी अजून सांगितलेला नाही आणि इथंही लिहीत नाही, ती हे वाचणार आहे.

जुना पंप आहेराच्या त्या टॉवेलात बांधून माळ्यावर ठेवलाय. यंदाच्या मे महिन्यात भर दुपारी परभणीला चार वेळा जाऊन आलो. गाडी एकदाच थांबली, मानवतच्या अलीकडे. चाक पंक्चर होतं.