कॅमेरो येता!

कंपनीची फिल्म काढायची ठरली की कारखान्यात जी पळापळ सुरू होते तिला हसणं सोपं आहे, आणि हसण्यात आतलीच माणसं पुढे असतात. भिंतीला रंग लागतो, पण कॅमेऱ्याला दिसेल तेवढ्याच उंचीपर्यंत. पतसंस्थांची कॅलेंडरं उतरतात, खिळे तसेच राहतात. संडासाची तुटलेली कडी बसवायला वर्षभर ‘माणूस मिळत नाही’. आता तो तासाभरात मिळतो आणि कारखान्याच्या गेटवरच मिळतो. साहेबांच्या टेबलावरचा बिलांचा डोंगर कपाटात जातो, कपाट लागत नाही, म्हणून त्याला टेकून एक माणूस उभा केला जातो आणि फिल्ममध्ये तो ‘क्वालिटी मॅनेजर’ म्हणून दिसतो. या सगळ्याला नाटक म्हणायची रीत आहे. माझं म्हणणं उलटं आहे. फिल्म खोटी असेल, नव्हे असतेच. पण तिच्याआधीचे दोन दिवस हे त्या कारखान्याच्या आयुष्यातले सर्वांत प्रामाणिक दिवस असतात. एरवी कुणी खोदून विचारलं तरी मालक जे सांगत नाही, ते या दोन दिवसांत तो न विचारता कबूल करून टाकतो: आपल्याकडे काय असायला हवं होतं, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

हे तपासायला दोडामार्ग बरं. 1999 साली सावंतवाडीतून वेगळा काढलेला सिंधुदुर्गातला हा तालुका, एका बाजूला गोवा, दुसऱ्या बाजूला कर्नाटक, मधे तिलारी, आणि डोंगरउतारावर काजू, रबर, अननस. इथे कारखाना म्हटलं की डोळ्यांसमोर आधी काजूचा येतो, आणि काजूचा कारखाना म्हणजे मुख्यतः बायकांच्या हातांचा कारखाना. बी वाफेवर शिजते, निवते, मग फोडणीला येते. दोन पात्यांच्या मधे बी आडवी धरायची, दांडा दाबायचा, टरफल उकलायचं आणि आतला गर अख्खा काढायचा. अख्खा महत्त्वाचा, कारण बाजार मोजतो तो अख्ख्यालाच: डब्ल्यू-320 म्हणजे एका पौंडात साधारण 300 ते 320 गर, आणि तुकडा झाला की भाव घसरला. टरफलात जो चीक असतो तो कातडी जाळतो. म्हणून फोडणीला बसणाऱ्या बायका बोटांना तेल किंवा राख लावतात, तरी बोटांची टोकं काळी पडायची ती पडतातच. आता चित्रीकरणाच्या सकाळी काय होतं? कुठल्यातरी खोक्यातून हातमोजे निघतात. कोरे, घडी न मोडलेले, एकमेकांना चिकटलेले. ते घालून बी धरता येत नाही, कारण ते ज्याने मागवले त्याने कधी बी फोडलेली नसते. पाचापैकी तीन गर तुटतात, दिग्दर्शक ‘वन मोअर’ म्हणतो, आणि तुकड्यांची टोपली कॅमेऱ्याच्या मागे भरत जाते. लोक इथे हसतात. मला मात्र त्या खोक्यात दोन साक्षी दिसतात. एक, हात जळतो हे मालकाला माहीत होतं; नाहीतर मोजे आले कुठून? दुसरी, कसला मोजा हवा हे त्या बायकांना आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. आज कॅमेऱ्याने विचारलं. फोडणीच्या मोज्याची पहिली खरी चाचणी घेतली ती जाहिरातवाल्याने, हे त्याच्या गावीही नसतं.

कुणी म्हणेल, ही आजच्या मार्केटिंगवाल्यांची थेरं आहेत. तसं नाही. सिनेमा नावाची गोष्ट जन्मली तीच मुळी कंपनीची फिल्म म्हणून. 1895 साली ल्युमिएर बंधूंनी कॅमेरा रोखला तो ल्योंमधल्या स्वतःच्याच कारखान्याच्या दरवाजावर: कामगार सुटी होऊन बाहेर पडताहेत, बहुतेक बायका, मिनिटभराचासुद्धा खेळ नाही. त्या वर्षीच्या मार्चमध्ये पॅरिसला तो दाखवला तेव्हा समोर बसले होते ते राष्ट्रीय उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या संस्थेचे लोक. म्हणजे प्रेक्षकही अगदी रीतसर. आणि हा प्रसंग एकदा टिपून भागलं नाही. त्याच्या तीन आवृत्त्या आहेत. एकीत गाडीला एक घोडा आहे, एकीत दोन आहेत, एकीत घोडाच नाही. जगातला पहिला मानला जाणारा चित्रपट हा असा रीटेकही आहे, आणि बाहेर पडणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, यावरून ‘इकडे बघू नका, नेहमीसारखे चाला’ ही सूचना किती जुनी असेल याचा अंदाज करावा. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आपल्याकडचा पहिला खेळ झाला, त्या कार्यक्रमातही हा दरवाजा होता. म्हणजे महाराष्ट्राने पडद्यावर राम-कृष्ण पाहिले त्याच्या कितीतरी आधी कारखान्याचं गेट पाहिलं. दोडामार्गातला काजूवाला मालक बायकांना रांगेत गेटबाहेर चालायला लावतो तेव्हा तो काही नवीन करत नसतो. परंपरेला धरूनच असतो.

आता कायद्याकडे बघा. 1948 च्या कारखाना कायद्याने भिंतींना चुना किंवा रंग निदान दर चौदा महिन्यांनी लावा म्हणून सांगितलं होतं. तेराही नाही, पंधराही नाही, चौदा. हा आकडा कुणी आणि कुठल्या भिंतीकडे बघून काढला याचं कुतूहल कायम राहील. पिण्याच्या पाण्याच्या जागेवर बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत पाटी लावा. उभ्याने काम करणाऱ्यांना अधूनमधून टेकायला काहीतरी द्या. दीडशे माणसांमागे एक प्रथमोपचाराची पेटी ठेवा. तीसपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर काढा. वाचताना डोळे भरून येतात. पण कागदावरच्या चौदा महिन्यांना जे साधत नाही ते कॅमेऱ्याच्या चौदा तासांना साधतं. चुना लागतो, पाटी लागते, पेटीतली मुदत संपलेली मलमं जाऊन नवी येतात, आणि मशीनशेजारी अचानक स्टूल उगवतं. लहान कारखाने या कायद्याच्या कक्षेतच येत नव्हते, अशी पळवाट इथे कुणी दाखवेल. बरोबर आहे, काजूचे कितीतरी धंदे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतात. पण कॅमेऱ्याला कामगारसंख्येची अट नाही. पाच बायकांच्या शेडलाही तो दोन दिवसांत पंचतारांकित करतो.

सर्वांत मोठा आक्षेप खोटेपणाचा. ज्या दशावताराच्या मुलखात हा लेख चालला आहे तिथे हा आक्षेप टिकणं अवघड आहे. दिवसा शेतात राबलेला माणूस रात्री पेटाऱ्यातून मुकुट काढतो, स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो, लाकडी बाकावर बसतो आणि ते बाक सिंहासन होतं. पहाटेपर्यंत जत्रेतला एकही प्रेक्षक उठून ‘हो राजो नाय, हो आमचो शेजारी’ म्हणत नाही. सोंग आणि लबाडी यांतला फरक सिंधुदुर्गाला कळतो. कंपनीच्या फिल्ममध्येही तो करायला हवा. दोन प्रकारच्या गोष्टी कॅमेऱ्यासाठी आणल्या जातात. एक, ज्या असायला हव्या होत्या आणि नव्हत्या: मोजे, स्टूल, कडी, पंख्याची जाळी. ही कबुली. दुसऱ्या, ज्यांची कुणालाच गरज नाही: मिटलेल्या लॅपटॉपकडे बोट दाखवणारे तीन अधिकारी, काजूच्या गोदामात पांढरा कोट घालून परीक्षानळी उजेडात धरणारा अकाउंटंट, वर जाणारा बाण काढलेला फळा. ही लबाडी, आणि तिला माझा पाठिंबा नाही. लबाडीचा कळस म्हणजे समुद्र. सिंधुदुर्ग म्हटलं की मुंबईच्या दिग्दर्शकाला लाट लागते. आणि दोडामार्गाला नेमका समुद्र नाही. इथे आहे सह्याद्रीचा पायथा, महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून बांधलेलं तिलारीचं धरण, आणि 2020 मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेलं जंगल. ड्रोन जरा उंच गेला तर एकाच शॉटमध्ये दोन राज्यं येतात, पण लाट येत नाही. मग मालवणचा किल्ला आणून जोडतात, पार्श्वभूमीला गजर वाजतो, आणि काजूचा बोंडू दाखवायचा म्हणून ऑगस्टच्या पावसात मार्चमधलं झाड मागितलं जातं. कर्नाटकातून उतरून दोन दशकांहून अधिक काळ इथल्या केळी-माडांत वावरणारे हत्ती तेवढे कुठल्याच फिल्ममध्ये नसतात, कारण त्यांना ‘नेहमीसारखे चाला’ म्हणून सांगायची सोय नाही.

खोटेपणाच्या आक्षेपाला उत्तर म्हणून हल्ली एक नवी तऱ्हा निघाली आहे: काहीही आवरू नका, ‘अस्सल’ दाखवा. ही तऱ्हा मला जास्त धोक्याची वाटते. अस्सल म्हणजे कॅमेरावाल्याच्या मनातलं अस्सल. त्यासाठी बसवलेली नवी वाफेची टाकी ताडपत्रीने झाकतात आणि बंद पडलेली जुनी भट्टी पेटवतात. पत्र्याच्या जागी कौलं दिसावीत म्हणून शेजाऱ्याच्या पडवीत शूटिंग होतं. टोपी आणि ॲप्रन घालून आलेल्या बाईला ते काढून काष्टा नेसायला सांगतात, आणि तिच्या काळ्या पडलेल्या बोटांवर कॅमेरा जवळ नेऊन सतारीचा एक तुकडा वाजवतात. म्हणजे पूर्वी जे लपवायची लाज वाटत होती ते आता सुंदर झालं. हातमोज्याच्या खोक्यात निदान कबुली होती. या सतारीत तीही नाही. आवरणाऱ्या मालकाला निदान आवरायचं असतं. ‘अस्सल’वाल्याला पसारा तसाच राहायला हवा असतो, पुढच्या फिल्मसाठी.

राहिला धंद्याचा आक्षेप. दोन दिवस उत्पादन बुडतं, आवाज नको म्हणून मशीन बंद, पंखे बंद, घामाने सगळे चमकताहेत आणि ऐन ‘ॲक्शन’ला वीज जाते. बुडतं हे खरं. पण शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून जे प्रयोग झाले त्यांची आठवण व्यवस्थापनाची पुस्तकं वाचलेल्या मंडळींनी ठेवावी. प्रकाश वाढवला तर काम वाढलं. कमी केला तरी वाढलं. आणि निष्कर्ष निघाला की कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय एवढ्यानेच माणसं हुरूप धरतात. नंतरच्या अभ्यासकांनी त्या आकड्यांवर बऱ्याच शंका काढल्या, आणि त्या काढायलाच हव्यात. मला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे की बघणारा कोण आणि तो कशाकडे बघतो, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

कारण खरा अडचणीचा प्रश्न इथेच आहे: कॅमेऱ्याने जर एवढं होतं, तर कारखान्यात कॅमेरे आधीच आहेत, प्रत्येक कोपऱ्यात. सीसीटीव्हीने कडी का नाही बसवली? याचं उत्तर सोपं आणि थोडं कडू आहे. सीसीटीव्ही वरून खाली बघतो आणि त्याचा पडदा मालकाच्या केबिनमध्ये असतो. फोडणीवरची बाई दोनदा उठली, हे त्याला दिसतं. ती उठली कारण बसायचं स्टूल डगमगतं, हे त्याला दिसत नाही. चित्रीकरणाचा कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवरून बघतो आणि त्याचा पडदा गिऱ्हाइकाच्या घरी असतो. पहिल्यासमोर लाजायचं ते कामगाराने. दुसऱ्यासमोर लाजायची पाळी मालकाची. कडी बसते ती दुसऱ्या लाजेने. म्हणून ‘शूटिंग आहे, सगळ्यांनी स्वच्छ कपडे घालून या’ ही सूचना मला चुकीच्या दिशेने दिलेली वाटते. कपडे त्या बायकांचे बहुधा स्वच्छच असतात. नाक्यावरून गोव्याला कामाला जाणाऱ्यांच्या पहिल्या बसपेक्षा लवकर त्यांची चूल पेटलेली असते. आवरायचं असतं ते दुसरीकडे.

यावर ‘मग शूटिंग संपल्यावर सगळं परत होतं तसंच होतं की’ असं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ते डोळ्यांदेखत होतं. स्टूल भाड्याचं असतं, ते टेम्पोत चढतं. मोजे घडी करून खोक्यात जातात. पाटी राहते, कारण ती भिंतीवर चिकटवलेली असते, आणि कडी राहते, कारण ती काढायला पुन्हा माणूस मिळत नाही. दर खेपेला दोन वस्तू राहतात हेही नसे थोडके. हिशेब साधा आहे: वर्षाला दोन फिल्म काढल्या तर चार. तेव्हा माझी सूचना अशी की दोडामार्गातल्या काजूवाल्यांनी आळीपाळीने चित्रीकरण ठेवावं, कॅमेऱ्यात कार्ड घातलं नाही तरी चालेल, टेम्पोवाल्याला मात्र दोन्ही दिवस सुटी द्यावी. खर्च जाहिरातीच्या खात्यात न टाकता दुरुस्ती-देखभालीच्या खात्यात टाकावा. ऑडिटरने हरकत घेतलीच, तर त्याला पांढरा कोट घालून, हातात परीक्षानळी देऊन उजेडात उभं करावं. अकाउंटंट तेवढा वेळ आपल्या जागेवर बसून काम करू शकेल.