प्रति, मीटर १३८.६८

सन्माननीय पूर्ण संचय पातळी महोदया,
सरदार सरोवर, मुक्काम केवडिया

विषय : घरे हलवण्याच्या पूर्वतयारीबाबत

महोदया,

प्रथम आपले अभिनंदन. घर बदलायचे म्हटले की कोणीच शब्द पाळत नाही. ट्रकवाला दुपारी उगवतो, हमाल अर्ध्यावर पसार होतात, नव्या घराचा रंग वाळलेला नसतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या ३३ गावांवर पाणी येणार म्हणून जी यंत्रणा कामाला लागली, तिच्यात दिलेल्या वेळी हजर झालेल्या एकट्या आपण. नर्मदेवरच्या धरणाची भिंत १९९९ मध्ये ८५ मीटर झाली, २००४ मध्ये ११०, २००६ मध्ये १२१.९२, प्रत्येक टप्प्यावर आपण तिच्या पाठोपाठ वर आलात आणि २०१९ च्या सप्टेंबरात १३८.६८ वर विसावलात. तक्रार आपल्या वक्तशीरपणाविषयी नाही. आपल्या आधी जे पोचायचे होते ते मागे राहिले, त्याविषयी आहे.

कारण क्रम ठरलेला होता. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात तो लिहूनच ठेवला : बुडण्याआधी किमान वर्षभर विस्थापिताला ओलिताची जमीन आणि घरजागा हातात मिळाली पाहिजे, सगळी भरपाई आणि पुनर्वसन झाल्याशिवाय कोणताही भाग बुडवायचा नाही. घर हलवण्याविषयी जगात जेवढे सल्ले दिले जातात त्यांत याहून शहाणा सल्ला मिळणे कठीण. आधी नवी जागा बघा, मग जुनी सोडा. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुनर्वसन पूर्ण करण्यासाठी बुडिताआधी किमान सहा महिन्यांची अट घातली आणि २००० च्या निकालात बांधकाम व पुनर्वसन बरोबरीने चालवा असे म्हटले. वर्षाचे सहा महिने झाले आणि सहा महिन्यांचे ‘बरोबरीने’. आपल्याकडे ‘बरोबरीने’ म्हणजे काय, हे वरातीमागून निघालेल्या घोड्यालाही ठाऊक असते.

तयारी कमी पडली ती अज्ञानामुळे, असे मात्र कोणी म्हणू नये. लवादाची यादी एखाद्या काटेकोर गृहिणीला लाजवील अशी आहे. प्रत्येक कुटुंबाला ६० बाय ९० फुटांची घरजागा. दर ५० कुटुंबांमागे जनावरांच्या हाळासह एक विहीर. दर १०० कुटुंबांमागे तीन खोल्यांची शाळा. दर ५०० मागे दवाखाना, पंचायतघर, बियाण्यांचे कोठार, तळे आणि मुलांसाठी बाग. आणि दर ५० कुटुंबांमागे झाडाभोवतीचा एक पार. सातपुड्याच्या जंगलातून उठणाऱ्या माणसाला झाडाच्या सावलीचा कोटा लागेल, हेसुद्धा लक्षात ठेवले होते! सामान हलवायला पुनर्वसन अनुदान होते, वाहतुकीसह कुटुंबामागे ७५० रुपये. पुढे रक्कम वाढली. पण सामान किती असेल याचा अंदाज यादी करणाऱ्यांना कितपत आला होता, ते त्या आकड्यावरून दिसते.

इथल्या भिल्ल-पावरा कुटुंबाचे घर हेच त्याचे सगळ्यात जड सामान. कौले एकेक करून उतरवायची, बांबूच्या तट्ट्या सोडवायच्या, जमिनीत पुरलेले सागाचे खांब खणून काढायचे, कणगीतले धान्य पोत्यांत भरायचे, जाते उचलायचे, कोंबड्या डालग्यात घालायच्या. हे सगळे ट्रकमध्ये चढते. पण नदीकाठची गाळपेर, मासळी, मोह, चाऱ्याचा डोंगर आणि सातबाऱ्यावर कधी न चढलेली, तरी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जंगलातली शेती चढत नाही. जे कागदावर नाही ते बांधताही येत नाही आणि त्याची भरपाईही मागता येत नाही. म्हणून तर घरजागा मोजून झाल्यावरही कोण ‘खातेदार’ आणि कोण ‘अतिक्रमणदार’ हा वाद वर्षानुवर्षे पुरला. देवाचे काम त्या मानाने सोपे निघाले. त्या ३३ गावांतल्या मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे देऊळ बुडाले, त्याच्यासाठी गुजरातेत गोरा येथे नवे बांधून झाले. त्याच्याकडे कोणी सातबारा मागितला नाही.

आपल्या बाजूने पहिला आक्षेप येईल तो असा : लोकांनीच गाठोडी बांधली नाहीत. पाणी दारात येईपर्यंत बसून राहिले, बुडू पण हटणार नाही म्हणाले, मग यंत्रणेने काय करायचे? बसून राहिले हे खरे. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत आपले आगमन झाले तेव्हाही माणसे तिथेच होती. पण निवाडा पुन्हा वाचा. आधी जमीन, मग पाणी. जमीन बघितल्याशिवाय खांब न उपटणारा माणूस हट्टी ठरतो की त्या ३३ गावांतला निवाडा पाळणारा एकमेव पक्षकार? शहरातला भाडेकरूसुद्धा नव्या घराची किल्ली मिळाल्याशिवाय जुन्या घराचे गॅस कनेक्शन तोडत नाही, आणि त्याला कोणी विकासविरोधी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुष्कळ कुटुंबे खाली उतरली, सोमावल आणि तळोदा भागातल्या वसाहतींत त्यांना जमीन, रस्ता, शाळा, दवाखाना मिळाला. डोंगरात झोळीतून न्यावा लागणारा रुग्ण आता गाडीने जातो. हे नाकारण्यात अर्थ नाही. उलट माझा मुद्दा त्यानेच बळकट होतो. तळोद्याच्या जंगलातली सुमारे ४,२०० हेक्टर जमीन पुनर्वसनासाठी मोकळी केल्यावर तिथे जायला तयार होणारी माणसे निघाली. जमीन दिसली तेव्हा गाठोडी बांधली गेली. (त्या जंगलाचा काही भाग आधीपासून दुसरेच आदिवासी कसत होते आणि त्यांचे काय, हा हिशेब कुठल्याच यादीत नव्हता.) कच्छ-सौराष्ट्राला पाणी आणि महाराष्ट्राला विजेचा २७ टक्के वाटा मिळतो, हेही खरे. पण क्रम पाळला असता तर ते पाणी नळातून यायचे थांबले नसते, फार तर चार पावसाळे उशिरा आले असते. तो उशीर कोणी सोसायचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर विचारण्याआधीच ठरले होते.

आता आपण १३८.६८ च्या वर जाणार नाही, तेव्हा घाईही संपली आहे. घाई संपली की आपल्याकडे फायलीही थांबतात. आपल्या काठावर आजही पाड्यांमध्ये माणसे राहतात. काही टेकड्यांना आपण तीन बाजूंनी वेढले आहे. तिथे औषध बोटीने जाते, निवडणुकीत मतदान यंत्र बोटीने जाते, आणि घर पाण्याच्या रेषेच्या वर असल्यामुळे घरमालक बाधित आहे की नाही याची तपासणी चालू राहते. सर्वेक्षकाची रेषा एक सांगते, खालचे बुडालेले शेत दुसरे. कोणाच्या उंबऱ्यापर्यंत आणि कोणाच्या शेतात आपण कोणत्या साली पोचलात, याची आपल्याइतकी अचूक माहिती दुसऱ्या कोणाकडे नाही. तरी संबंधितांना घरनिहाय तसा दाखला आपल्या सहीशिक्क्यानिशी द्यावा, ही विनंती. अर्जासोबत जोडण्यासाठी सध्या तेवढाच कागद कमी पडतो आहे.

आपला,
कोरड्या जागेत राहणारा एक नागरिक