एकट्याचे शीड आणि संचालक मंडळ

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मात्र पाटबंधारे खात्याच्या कृपेने सागर आहेत. राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचा जलाशय ‘ज्ञानेश्वरसागर’ म्हणून ओळखला जातो, आणि जायकवाडीचा ‘नाथसागर’, धरणाची भिंत पैठणला असली तरी, नेवासे-शेवगावच्या शिवारापर्यंत पसरतो. तेव्हा खवळलेल्या पाण्यात लहान होडी एकट्याने हाकण्याच्या शास्त्राचा विचार या जिल्ह्याने करण्यात गैर काही नाही.

या शास्त्राचा पहिला सिद्धान्त असा की, वादळात नाविकाचा खरा वैरी समुद्र नसून किनारा असतो. खोल पाण्यातून आलेली लाट उथळात शिरली की तिचा वेग मंदावतो, ती आखूड आणि उंच होत जाते व अखेर फुटते. शिवाय वारा ज्या किनाऱ्याकडे ढकलत असेल त्याच्या फार जवळ गेलेल्या शिडाच्या होडीला तेथून सुटणे कठीण होते. म्हणून शहाणा नाविक घराची ओढ आवरून खोल पाण्याकडे वळतो, शिडाचा काही भाग गुंडाळून त्याचे क्षेत्रफळ घटवतो, ज्याला शीड आखूड करणे म्हणता येईल, आणि कमरेचा दोर होडीला अडकवतो. हा सिद्धान्त तर्काच्या टोकापर्यंत नेल्यास, किनाराच नसलेला हा जिल्हा नौकानयनास अत्यंत निर्धोक ठरतो.

नाथसागराचा किनारा मात्र नकाशाला जुमानत नाही, कारण पाणी ओसरेल तसा तो मागे सरकतो आणि उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी पीक घेतात, ज्यास गाळपेर म्हणतात. परिणामी दिवाळीत जेथे नांगर टाकावा, तेथे पुढे खराखुरा नांगर चालू शकतो, आणि भाषेने दोन्ही वस्तूंना एकच नाव का दिले याचा उलगडा होतो. उन्हाळ्यात तर जिल्ह्यातील सर्वांत भटके जलवाहन टँकर हे असते, आणि जहाज माणसाला पाण्यावरून नेते तर टँकर पाण्याला माणसाकडे आणतो, एवढाच काय तो फरक.

खरी अडचण ‘एकट्याने’ या शब्दाची आहे. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, तेथे एका होडीत एकच माणूस ही कल्पना सहकाराच्या तत्त्वालाच बाधक होय. होडी म्हटली की अध्यक्ष, उपाध्यक्ष, संचालक मंडळ आणि वल्हे कोणी मारायचे यावर वार्षिक सर्वसाधारण सभा ओघाने आलीच.

या आक्षेपाला इतिहासाचाही आधार मिळतो. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि तसे करणारे ते पहिले भारतीय ठरले. परंतु त्या मोहिमेचा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा होता, ज्यांनी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत, म्हणजे समुद्रापासून दूर, वास्तव्य केले, आणि नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. ध्यास एकाचा, बांधणी दुसऱ्याची आणि प्रवास तिसऱ्याचा, हे सहकाराचेच सूत्र झाले. फरक इतकाच की होडीत शिरलेले पाणी उपसायची वेळ येते, तेव्हा उरलेले संचालक मंडळ किनाऱ्यावर असते.