वाटेतच तर आहे

आमच्या साडूंना सरळ रस्ता सोसत नाही. पुण्याहून कोल्हापूरला लग्नाला निघालेली गाडी सुरूर फाट्याला आली की त्यांच्या हातातलं स्टिअरिंग आपोआप वाईकडे वळतं. "ढोल्या गणपती वाटेतच तर आहे." ही 'वाट' म्हणजे महामार्ग सोडून दहा-बारा किलोमीटर आत. मग साताऱ्यात कंदी पेढे, मग कऱ्हाडला प्रीतिसंगम. त्या लग्नाला आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, शेवटची पंगत उठली होती आणि कार्यालयाचा माणूस भांडी मोजून घेत होता. साडू मात्र खुशीत होते. "एका पेट्रोलात चार ठिकाणं झाली!" चौथं ठिकाण म्हणजे ते लग्न.

हा माणूस तुमच्याही घरात असणार. कुणाकडे तो आतेभाऊ असतो, कुणाकडे नणंदेचे यजमान, आमच्याकडे तो साडू आहे. त्याला कंजूष म्हणू नका, अन्याय होईल. कंजूष माणूस घरी बसतो. हा हौसेनं खर्च करतो आणि मग केलेला खर्च शेवटच्या पैपर्यंत वसूल करायला सगळ्या घराला उन्हातान्हात हिंडवतो.

साडूंची लेक बॉस्टनला असते. तिच्या बाळाच्या बारशाला आम्ही सातजण निघणार होतो : साडू, त्यांच्या सौभाग्यवती, मी, माझी बायको, आमची दोन पोरं आणि चंद्रपूरच्या सासूबाई. तिकिटांचं काम साडूंनी आपण होऊन अंगावर घेतलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एका रात्री साडेअकराला त्यांचा फोन आला. आवाजावरून वाटलं, लेक वेळेआधी बाळंत झाली.

"दुबईत बावीस तास पन्नास मिनिटं मिळतायत!"

दोन तासांत पुढचं विमान मिळत होतं. पण ते घेणं म्हणजे कऱ्हाडवरून जाऊन प्रीतिसंगम न बघणं. बरं, बावीस तास पन्नास मिनिटंच का? कारण चोवीस तासांच्या आत पुढं निघालं तर मोठ्या बॅगा थेट बॉस्टनला जातात, आपण हात हलवत गाव बघायचं. शिवाय सातही पासपोर्टांवर अमेरिकेचा व्हिसा, आणि तो असला की भारतीयांना दुबईत उतरल्यावर चौदा दिवसांचा व्हिसा मिळतो. हे सांगताना साडूंचा आवाज जरा पडला. चौदा दिवसांचा व्हिसा घेऊन आपण एकच दिवस राहणार, म्हणजे तेरा दिवस वाया! हे दुःख त्यांनी बॉस्टनपर्यंत बरोबर नेलं.

"पण जुलैत? दुबईत?" मी विचारलं.

"म्हणून तर हॉटेलं स्वस्त आहेत."

पुढचे तीन महिने साडू मनानं दुबईतच राहिले. मिरॅकल गार्डन वेळापत्रकात चढलं आणि उतरलं, कारण ती बाग उन्हाळ्यात बंद असते. ग्लोबल व्हिलेज चढलं आणि उतरलं, तेही उन्हाळ्यात बंद. जे गावच उन्हाळ्यात दारं लावून घेतं, तिथं आपण का चाललोय, हा प्रश्न कुणाला सुचला नाही असं नाही, पण विचारायची प्राज्ञा नव्हती. शेवटी वेळापत्रकाच्या सात प्रती निघाल्या, लॅमिनेशन करून, गळ्यात घालायच्या दोरीसकट. नमुन्यादाखल : '११.२० : लघुशंका (सर्व)'. '१.४५ ते १.५४ : मेट्रो स्टेशन ते थाळी, चालत (९ मि.)'. ही नऊ मिनिटं लक्षात ठेवा.

निघायच्या आठ दिवस आधी साडूंनी घरोघरी जाऊन झडती घेतली. दुबईत खसखशीला सक्त बंदी आहे. खसखस अफूच्या बोंडातली, त्यामुळं तिथं ती अमली पदार्थांत मोडते. अनारसे तर पहिल्याच फेरीत बाद झाले. मग त्यांची नजर सासूबाईंच्या सावजी मसाल्याच्या बरणीवर गेली.

"यात खसखस आहे?"

"नसली तं रस्सा दाट कायनं होईल, जावईबापू?"

"अहो, तुरुंगात घालतात!"

"मसाल्यासाठी?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, बॅगा थेट बॉस्टनला जाणार, सामान दुबईत उतरणारच नाही. साडूंनी माझ्याकडे बघितलं. "सामान उतरणार नाही, पण विमान तर उतरणार ना?" अखेर तोडगा निघाला. मसाला बिनखसखशीचा न्यायचा आणि खसखस बॉस्टनमध्ये घ्यायची, कारण अमेरिकेत ती पावावरसुद्धा लावतात. सासूबाईंनी पुन्हा मसाला कांडला. कांडताना त्या काय पुटपुटत होत्या ते वऱ्हाडीत होतं, आणि लिहिण्याजोगं नव्हतं.

दुबईला उतरलो सकाळी नऊ चाळीसला. साडूंच्या कमरेला एक चेनचा पट्टा होता. त्यात सातही पासपोर्ट, वयाच्या क्रमानं लावून, वर रबरबँड. दर दारापाशी साडू थांबायचे, चेन उघडायचे, ओठ हलवत सातपर्यंत मोजायचे आणि मगच दार ओलांडायचे. पोरांनी त्याला 'काकांचा जप' असं नाव ठेवलं. व्हिसाच्या खिडकीशी मी माझा पासपोर्ट काउंटरवरच विसरलो. मला पत्ताही नव्हता. पुढच्या दारापाशी जप सहावर अडला, साडू एक शब्द न बोलता मागं गेले आणि घेऊन आले. त्यानंतर दिवसभर माझा उल्लेख 'सातवा' असा होत होता.

मेट्रोत शिरण्याआधी फलाटावर शिकवणी झाली. इथं गाडीला ड्रायव्हर नाही. गाडीत खायचं नाही, प्यायचं नाही, च्युइंगम चघळायचं नाही. शंभर दिरहम दंड. "शंभर दिरहम म्हणजे दोन हजारांवर रुपये!" हे ऐकून सासूबाईंनी तोंडातली बडीशेप तशीच गालात धरली आणि पाच-सहा स्टेशनं एक शब्द बोलल्या नाहीत. डब्यातला काही भाग बायकामुलांसाठी राखीव असतो, जमिनीवर गुलाबी पट्टी असते, ती पुरुषानं ओलांडली तरी दंड. हेही साडूंनी नीट समजावून सांगितलं. समजावताना ते त्या पट्टीच्या पलीकडे उभे होते. एका बाईंनी बोटानं खाली दाखवलं. साडूंनी जी उडी मारली, तशी त्यांच्या वयात मी कुणाला मारताना बघितलेली नाही.

बुर्ज खलिफाचं सूर्यास्ताच्या वेळचं तिकीट महाग असतं. साहजिकच आमचं तिकीट भर दुपारी बाराचं होतं. लिफ्टनं मिनिटभरात १२४व्या मजल्यावर नेलं. खाली सगळं धुरकट होतं. धूळ, वाफ आणि मधून मधून एखाद्या इमारतीचं टोक. साडूंनी मात्र आकडे आणले होते. "बुर्ज ८२८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे बरोबर निम्म्याहून पाच मीटर जास्त!" धाकट्यानं विचारलं, "मग आपण कळसूबाईला का नाही गेलो?" साडू म्हणाले, "तिथं लिफ्ट नाही." त्यांच्या परीनं हे उत्तर पूर्ण होतं.

आता ती नऊ मिनिटं.

करामा भागात मेट्रोतून उतरलो. सासूबाई चंद्रपूरच्या, शेहेचाळीस-सत्तेचाळीस तापमानात वाळवणं घालणाऱ्या. त्या म्हणाल्या, "ऊन काय आमी पाह्यलं नाही काय?" स्टेशनचं काचेचं दार सरकलं. त्या बाहेर पडल्या आणि त्यांच्या चष्म्यावर धपकन धुकं आलं. थंडगार काच आणि समुद्रकाठची दमट हवा. त्यांना काहीच दिसेना. चष्मा पुसला, पुन्हा धुकं. चंद्रपूरचं ऊन आणि गिरगावातला घाम एकाच भांड्यात घालून वर झाकण ठेवावं, तशी ती हवा होती. "जावईबापू," त्या जागच्या जागी थांबून म्हणाल्या, "हे ऊन नाही. हा तं वाफारा होय."

चौथ्या मिनिटाला दोरीतलं वेळापत्रक गळ्याला चिकटलं. सहाव्या मिनिटाला मोठी रस्त्याच्या कडेला बसली. रस्त्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. समोर एक काचेची खोली दिसली आणि आम्ही सातही जण तिच्यात घुसलो. तो बसथांबा होता. वातानुकूलित.

आत निळ्या डांगरीतला एक माणूस बसला होता. आमचं मराठी ऐकून तो हसला आणि मराठीतच म्हणाला, "या वेळेला कुठं निघाले?" आदिलाबादचा होता. सासूबाईंना भाऊ भेटल्यासारखं झालं. आदिलाबाद आणि चंद्रपूर म्हणजे शेजारपाजार, त्यामुळं आधी कापसाची चौकशी झाली, मग गावं, मग सोयरीकसंबंध. बांधकामावर होता. म्हणाला, १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारची बंदी आहे. मालकानं करून घेतलं तर दंड होतो.

साडू गप्प झाले. तिथल्या सरकारनं गवंड्यांनाही जे करायला मनाई केली होती, ते आम्ही तिकीट काढून, लॅमिनेशन करून करत होतो.

"आता जेवा अन् झोपा," तो माणूस म्हणाला. "ऊन उतरल्यावर बुर दुबईच्या धक्क्यावर जा. अब्रात बसा. खाडी ओलांडायला एक दिरहम."

साडूंनी खिशातून पेन काढलं. लॅमिनेशनवर शाई उमटेना. शेवटी त्यांनी ते तळहातावर लिहिलं : 'अब्रा – १'.

संध्याकाळी गेलो. अब्रा म्हणजे छपराची लाकडी होडी, मधोमध बाकडं, त्यावर पाठीला पाठ लावून माणसं बसतात. कामावरून परतणारे, पिशव्या घेतलेले, फोनवर मल्याळममध्ये बोलणारे आणि आम्ही. पाण्यावरून वारा आला, गरमच, पण वारा. सासूबाईंनी चष्मा काढून पदरात ठेवला. साडू चक्क दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठाऊक आहे? इथं १९६६ पर्यंत रुपया चालायचा. रिझर्व्ह बँकेनं छापलेला." थोडं थांबून उसासा टाकला. "आपल्याला उशीर झाला. तेव्हा आलो असतो तर कन्व्हर्जनचे पैसे वाचले असते."

पलीकडे देरात मसाल्यांचा बाजार आहे. पोत्यांत केशर, लवंगा, दालचिनी, वाळलेली लिंबं, गुलाबकळ्या. सासूबाई माहेरी आल्यासारख्या हात घालून वास घेत निघाल्या. एका दुकानापाशी थांबल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भैया, खसखस है क्या?"

साडूंनी डोळे मिटले. हात पासपोर्टच्या पट्ट्यावर गेला. दुकानदारानं दोन्ही मनगटं जुळवून बेड्यांची खूण केली आणि हसत हसत म्हणाला, "अम्मा, जेल!" सासूबाई माझ्याकडे वळून डोळा मारतात की काय, असं क्षणभर वाटलं. पण चष्मा पदरात होता, तेव्हा खात्रीनं सांगता येत नाही.

रात्री हॉटेलात सगळे मेल्यासारखे झोपलो. मोबाइलचे चार गजर लावले होते, त्यांतला एकही कुणाला ऐकू गेला नाही. पहाटे पाचला दारावर टकटक झाली. साडू आंघोळ करून, बूट घालून उभे. रात्रभर खुर्चीत बसून होते. कमरेला पट्टा, ओठ हलत होते. "सात," ते म्हणाले, "चला."

बॉस्टनला पोचल्यावर पाहुणे विचारत, दुबईत काय पाहिलं? पोरं अब्राचं सांगत, सासूबाई बसथांब्यावरच्या आदिलाबादच्या भावाचं. साडू मान डोलावत म्हणत, "ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं." परतीच्या वाटेवर त्यांना इस्तंबूलमध्ये एकोणीस तास सापडले आहेत. ते वाटेतच तर आहे.

तुमच्या घरातल्या अशा माणसानं काढलेलं वेळापत्रक खुशाल फाडा. उन्हाचं काय करायचं ते बसथांब्यावरच्या माणसाला विचारा. पासपोर्ट मात्र त्याच्याकडेच राहू द्या.