अर्धा कोयता

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला निघालेली माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी निघाला तर तो अर्धा. मुकादमाची उचल कोयत्यावर, हिशेबही कोयत्यावर. त्यामुळे बॅडमिंटनमधली दुहेरी आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगायला फारसे कष्ट पडू नयेत. तिथेही जागतिक क्रमवारीतले गुण जोडीच्या नावावर चढतात. जोडी फुटली की नवा जोडीदार गाठायचा आणि पुन्हा तळापासून चढायचं. एकाचा खांदा दुखला की दुसऱ्याचाही हंगाम बसतो. वर्षानुवर्षं घाम गाळलेला खेळाडू एका सकाळी उठतो तो अर्धा कोयता होऊनच.

बक्षिसाचंही तसंच. जून 2023 मध्ये मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रातल्या अमलापुरमचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी जकार्तात इंडोनेशिया ओपन जिंकली. जोडीला मिळाले 92,500 डॉलर. त्याच स्पर्धेत पुरुष एकेरी जिंकणाऱ्या व्हिक्टर ॲक्सेलसनला 87,500. म्हणजे संयोजकांना दुसरा माणूस पाच हजारांत पडला! एवढ्या स्वस्तात दुसरा माणूस पदरात पाडून घेण्याची विद्या फक्त साखरधंद्यालाच अवगत आहे, असा माझा समज होता.

जागेच्या बाबतीतही हात आखडताच. एकेरीचं कोर्ट 5.18 मीटर रुंद, दुहेरीचं 6.1. माणसं दुप्पट झाली आणि रुंदी वाढली 92 सेंटिमीटर. तेवढ्यात दोन धिप्पाड माणसांनी रॅकेटा फिरवायच्या. बरोबर मधोमध आलेलं फूल कुणाचं? दोघांनी घेतलं तर रॅकेटवर रॅकेट आदळते; दोघांनी सोडलं तर ते खाली पडतं आणि दोघं एकमेकांकडे अतिशय सभ्यपणे पाहतात. एकेरीवाला आयुष्यभर फटके शिकतो. दुहेरीवाल्याला त्याशिवाय आपला नसलेला फटका सोडून द्यायलाही शिकावं लागतं, आणि हा अभ्यास जास्त अवघड.

मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी सात्त्विक-चिरागला एकत्र बांधलं तेव्हा दोघेही मागून हाणणारे. जाळीपाशी जाऊन नाजूक कामं करायची कुणाला हौस असते? फडातही सपासप चालणारा कोयता दिसतो. मागून ऊस गोळा करणारी, मोळी बांधणारी, ती डोक्यावर घेऊन गाडीची फळी चढणारी बाई कुणाच्या नजरेत भरत नाही. जाळीपाशी उभा असलेला गडी समोरच्याला फूल वर उचलायला भाग पाडतो, तेव्हा कुठे मागच्याला स्मॅश मिळतो. सात्त्विकच्या स्मॅशची गिनेसमध्ये नोंद आहे: ताशी 565 किलोमीटर, एप्रिल 2023, जपान. तोही सामन्यात नव्हे, चाचणीत; पुढे जोडीदाराचं डोकं नसताना. ऐन सामन्यात वेळेवर खाली वाकल्याबद्दल चिरागच्या नावावर मात्र कसलाही विक्रम नाही.

आपली स्मरणशक्तीही एकेरीचीच. सांगलीचे नंदू नाटेकर सहा वेळा राष्ट्रीय एकेरीचे विजेते होते, हे जाणकार सांगतील. पुरुष दुहेरीतही ते सहा वेळा आणि मिश्र दुहेरीत पाच वेळा जिंकले. जोडीदारांची नावं विचारली की जाणकारांना चहाची आठवण होते. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रदीप गंधे यांनी दुहेरीत कांस्यपदक मिळवलं ते लेरॉय डिसा यांच्या साथीने. हे वाक्य बोलताना बहुतेकांचा श्वास पहिल्या नावापाशीच संपतो.

बीडचं नाव जगात नेलं तेही एकट्याने. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 1 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन मोकळा झाला. पळताना 'तुझं की माझं' विचारायला कुणी नसतं. त्याच स्पर्धेत सहा दिवसांनी सात्त्विक-चिरागने आशियाई स्पर्धेतलं भारताचं बॅडमिंटनमधलं पहिलं सुवर्ण जिंकलं. पण दोघांनी मिळून ओढायची रीत आमच्या पोरांना नवी नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताची 4 बाद 32 अशी दाणादाण उडालेली असताना बीडच्या सचिन धसने उदय सहारनबरोबर 171 धावा जोडल्या. धसच्या त्यात 96.

तेव्हा उद्या बीडमधून एखादी बॅडमिंटनची जोडी निघाली तर आश्चर्य वाटायला नको. जोडीने राबायचं कसं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. उलट बॅडमिंटनकडून आपणच एक गोष्ट उचलावी. तिथे बक्षीस एकेरीहून जेमतेम जास्त असेल, पण गुणफलकावर नावं दोन लागतात आणि रकमेचे वाटेही दोन होतात. आमच्याकडे कोयता दोघांचा, उचल मात्र नवऱ्याच्या हातात. स्मॅश नंतर शिकू; आधी तो फलक मागवावा.