संपूर्ण संस्कृतच्या बाई

मराठी माध्यमाच्या शाळेत गणिताचे सर बदलतात, इंग्रजीच्या मॅडम लग्न होऊन बडोद्याला जातात, मुख्याध्यापक तर येतात कधी आणि निवृत्त होतात कधी हे शिपायालाच ठाऊक असतं. संस्कृतच्या बाई मात्र जागच्या हलत नाहीत. डोंबिवलीत, सांगलीत, पुण्याच्या पेठांत, जिथे जिथे आठवीच्या पोरांना ‘संपूर्ण की संयुक्त?’ असं विचारतात तिथे त्या असतातच. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला शबनम, शबनममध्ये डबा, तपासायच्या वह्या आणि जानेवारीतही बरोबर असणारी छत्री. आवाज असा, की भिंतीपलीकडे भूगोल शिकणाऱ्या वर्गालाही ‘देव’ शब्द तिन्ही वचनांत पाठ.

विषय मोठा चमत्कारिक. त्यात कुणी नापास होत नाही आणि तो कुणाला येतही नाही. जूनमध्ये पालक येतात. “बाई, स्कोअरिंग आहे ना?” एवढंच विचारतात. बाई कालिदासापासून सुरुवात करतात, पालक घड्याळ बघतात. शंभरपैकी शंभर पडतात म्हणून ‘आमोद’ हे पाठ्यपुस्तक हातात धरायचं, दहावीचा निकाल लागला की रद्दीत घालायचं आणि अकरावीला त्या जागी आयटी घ्यायचं, हा व्यवहार सर्वमान्य आहे. नव्याण्णव पडले तर मात्र पालक पुन्हा येतात. “एक कुठे गेला, बाई?” बाई शांतपणे सांगतात, “विसर्गात.”

एखादा पालक धीट निघतो आणि ‘पुढे याचा उपयोग काय?’ असं विचारून बसतो. त्याच्यासाठी बाईंनी चिंतामणराव देशमुख राखून ठेवलेत. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना, आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर! मधल्या काळात देशमुख केंब्रिजला गेले, तिथे वनस्पतिशास्त्रात चमकले, आयसीएस झाले, हा मजकूर बाई गाळतात. ऐकणाऱ्याला वाटतं, शंकरशेट शिष्यवृत्ती आणि रिझर्व्ह बँक एकाच जिन्यावर आहेत.

शंकरशेट हा तसा बाईंच्या गुरुपरंपरेतला हळवा विषय. त्यांना शिकवणाऱ्या गुरुजींची ही शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली होती आणि गुरुजींनी ते दुःख जन्मभर जपलं. सकाळची शिकवणी, पुढ्यात भांडारकरांची ‘मार्गोपदेशिका’, गुरुजी झोपाळ्यावर. झोका मागे जाताना ते धातू, काळ आणि पुरुष सांगत. पुढे येईतो रूप हजर पाहिजे. चुकलं तर रागावणं नाही, मारणं नाही. पाय टेकवून झोपाळा थांबवायचा. कड्यांची करकर थांबली की घरातली सगळी माणसं बाहेर येऊन बघायची, कोण चुकलं! बाईंच्या शाळेत झोपाळा नाही, ही शिक्षण खात्याची कृपाच म्हणायची.

गावाला बाई हव्या असतात त्या निराळ्याच कामांसाठी. संस्कृत येतं म्हणजे वास्तूचा मुहूर्त काढता येत असणार, पत्रिका बघता येत असणार, निदान सत्यनारायण तरी सांगता येत असणार, अशी लोकांची पक्की समजूत. “अहो, मी भाषा शिकवते,” असं बाई सांगतात. समोरचा म्हणतो, “तेच ते.” शाळेत कुठलाही समारंभ असो, ईशस्तवन बाईंनी बसवायचं आणि समईची वातही बाईंनीच सारखी करायची. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात, त्यात बाई असतात. पुण्य किती लागतं ते देव जाणे, कारण बाईंचं निम्मं लक्ष शेजारणीच्या ऱ्हस्व-दीर्घाकडे असतं.

सर्वांत जास्त फोन येतात बारशाच्या आधी. नाव ‘र’ किंवा ‘त’वरून हवं, दोन अक्षरी हवं, अर्थ सूर्य किंवा विष्णू, सोसायटीत दुसऱ्या कुणाचं नसलेलं, आणि अमेरिकेतल्या काकाला म्हणता आलं पाहिजे. बाई कामाला लागतात. रात्री अकराला नवरा दिवा घालवायला सांगतो तरी कोश मिटत नाही. सकाळी अर्थासहित यादी पाठवतात. दोन दिवसांनी पेढे येतात आणि कळतं, नाव ठेवलंय ‘कियान’. “संस्कृतच आहे बाई, नेटवर होतं.” बाई आपट्यांच्या कोशात ‘क’ पुन्हा एकदा चाळतात. न जाणो, १८९० साली वामन शिवराम आपट्यांच्या नजरेतून काही सुटलं असेल.

कोशांवरून आठवलं. नववीच्या मुलांना बाई दरवर्षी डेक्कन कॉलेजला नेतात. तिथे १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून त्यांतल्या शब्दांच्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या करून ठेवल्या आहेत. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि पस्तीसच्या आसपास खंड झाले तरी गाडी अजून ‘अ’वरच आहे. मुलं लोखंडी कपाटांचे खण बघून दमतात. एकदा एका मुलाने विचारलं, “बाई, ‘ज्ञ’ कधी येणार?” दुसरं कुणी हसलं असतं, नाहीतर उसासा टाकला असता. बाई म्हणाल्या, “अरे, ‘ज्ञ’ हा ‘ज’मध्येच येतो. शेवटचा ‘ह’.” एवढं सांगून त्यांचं समाधान झालं. किती पिढ्या लागणार हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला तेव्हा बाई म्हणाल्या, “घर द्विवचनात आलं.” ते पुन्हा बहुवचनात नेलं सरमाने. सरमा ही रस्त्यावरून आलेली, तांबूस रंगाची, एक कान मोडलेली कुत्री. ऋग्वेदात इंद्राची कुत्री सरमा, म्हणून ही सरमा. नावाला आक्षेप घेणाऱ्याला बाई महाभारताचा दाखला देतात. कथेच्या सुरुवातीलाच जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पिल्लाला मारतात आणि ती जनमेजयाला शाप देते. शेवटी युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत जातो तोही कुत्राच. “मधली भांडणं तेवढी माणसांची,” असं म्हणून बाई सरमेपुढे भाकरी कुस्करतात.

बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर शर्मा राहायला आले तेव्हा जरा पंचाईत झाली. रोज संध्याकाळी जिन्यातून “सरमाऽ, आधी पाय पूस!” असा पुकारा व्हायचा. शर्माजी सभ्य गृहस्थ. आठवडाभर त्यांनी घरात शिरताना मुकाट्याने पायपुसण्यावर बूट घासले.

आपण मराठी माणसं कुत्र्याशी हटकून इंग्रजी बोलतो, तेही दरडावून. बाई सरमेशी संस्कृतात बोलतात आणि सरमा ऐकते. म्हणजे बसायला सांगितलं की उभी राहते. पण ऐकते कान टवकारून, जे नववी ‘ब’ने कधी केलं नाही. पाणिनीचं एक सूत्र आहे. त्यात कुत्रा, तरुण आणि इंद्र अशा तिघांचे शब्द एका ओळीत बसवलेत, कारण तिघांची रूपं एकाच तऱ्हेने बदलतात. जुन्या पंडितांनी त्यावरून पाणिनीची बरीच थट्टा केली आहे. बाई ते सूत्र दहावीच्या दंगेखोर पोरांना मुद्दाम सांगतात. “पाणिनीने तुम्हाला कुत्र्यानंतर आणि इंद्राच्या आधी ठेवलंय. कुठल्या बाजूला सरकायचं ते तुम्ही बघा.”

सरमेने एकदा आपट्यांचा कोश खाल्ला. सगळा नव्हे. नवरा ओरडत आला, तेव्हा बाईंचा पहिला प्रश्न, “कुठलं अक्षर?” अक्षरं शाबूत होती, मागचं छंदांचं परिशिष्ट गेलं होतं. वृत्तं अंगी लागलीच असावीत. तेव्हापासून सरमा जेवणाआधी शार्दूलविक्रीडितात चालते आणि जेवणानंतर मंदाक्रान्तेत.

एक बोकाही आहे, पण तो घरातला धरत नाहीत. ‘हितोपदेशा’त तपस्वी असल्याचं सोंग आणून पक्ष्यांची पिल्लं फस्त करणारा दीर्घकर्ण नावाचा बोका आहे. कान बेताचे असूनही याचं नाव तेच. “याला घरात घ्यायचं नाही, ग्रंथात लिहून ठेवलंय,” असं बाई बजावतात आणि दुधाची बशी उंबऱ्याच्या बाहेर ठेवतात. बशी रोज बोटभर आत सरकते, असं नवऱ्याचं निरीक्षण आहे. त्याला घरात फारसं कुणी विचारत नाही. सकाळी ६ वाजून ५५ मिनिटांनी आकाशवाणीच्या संस्कृत बातम्या लागतात. बाई, सरमा आणि उंबऱ्यावरचा दीर्घकर्ण ऐकायला बसतात. नवरा आपला पुणे केंद्राच्या मराठी बातम्यांची वाट बघत चहा गाळतो.

परवा सरमेला फिरवताना एक माजी विद्यार्थी भेटला. पिळदार दंड, त्यावर गोंदवलेली गीतेतली अर्धी ओळ. बाई हरखल्या. त्याचा हात धरून त्याला दिव्याखाली नेलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बोटाने एकेक अक्षर वाचत कोपरापर्यंत गेल्या. विसर्ग नव्हता.

“बाई, टॅटूवाल्याने सोडला असेल.”

“कोपराच्या वर दोन टिंबांपुरती जागा आहे की.”

पोरगा खरंच जाऊन टिंबं टोचून आला. हात सुजलेला, पण चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद. बाईंनी टिंबं बरोबर वर-खाली आहेत ना ते पाहिलं. “छान. आता या शब्दाची षष्ठी सांग.”

त्याने सप्तमी सांगितली. मग बाईंनी त्याला तिथेच, पाणीपुरीच्या गाडीशेजारी, प्रथमेपासून सुरुवात करायला लावली.