केशवच्या ताब्यातली गाडी

न बघता काही विकत घ्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. माझे वडील मिरजेच्या मंडईत वांग्याचा देठ बघतात, कलिंगडाला टिचकी मारून कान लावतात आणि नारळ हलवून आतल्या पाण्याचा अंदाज घेतात. त्यांच्या मुलाने, म्हणजे मी, नैरोबीत बसून योकोहामातली सात वर्षं वापरलेली मोटार नुसते फोटो बघून घेतली. बाबांना हे सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि टिचकी कोणी मारली?"

टिचकी मारायला जपानात पगारी माणसं असतात. तिथे जुन्या गाड्या लिलावात विकल्या जातात आणि लिलावाआधी तपासनीस प्रत्येक गाडीचं प्रगतिपुस्तक लिहितो. त्यात गाडीची आकृती काढलेली असते आणि तिच्यावर खुणा. 'ए१' म्हणजे बारीक ओरखडा, 'यू१' म्हणजे छोटा पोचा, आणि 'आर' असा शेरा पडला तर गाडी कुठेतरी धडकून दुरुस्त झाली आहे असं समजायचं. आमच्या गाडीला ४ गुण होते. मी हादरलो. मग कळलं की तिथे साडेचार म्हणजे डिस्टिंक्शन. मागच्या बंपरवर नखाएवढा ओरखडा आहे, हेसुद्धा लिहिलं होतं. आपल्याकडे जुनी गाडी विकणारा एकच वाक्य बोलतो, "डॉक्टरांची गाडी आहे." एवढ्या गाड्या वापरणारे डॉक्टर पेशंट कधी तपासतात, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

एवढी धडधाकट गाडी जपानी माणूस विकतो कशाला? कारण तिथे नव्या गाडीची तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते आणि तिचा खर्च झोंबतो. पुढची तपासणी जवळ आली की गाडी नकोशी होते. जपानही डाव्या बाजूने चालवणारा आणि केनियाही. त्यामुळे तिथे नकोशी झालेली इथे लाडकी होते. नैरोबीच्या कुठल्याही सिग्नलला उभे राहा, निम्म्या काचांवर जपानी स्टिकर दिसतील. आपल्याकडे असं जमत नाही. भारतात तीन वर्षांहून जुनी मोटार आणू देत नाहीत, आणि तिच्यावरच्या करात दुसरी मोटार येईल.

केनियाचा नियम आठ वर्षांचा. २०२४ साली आणायची गाडी २०१७ किंवा नंतर नोंदलेली हवी. आमची २०१७ ची, म्हणूनच स्वस्त. नोव्हेंबरात पैसे भरले आणि मग शेजारच्या काकांनी खुलासा केला, "एकतीस डिसेंबरच्या आत बोट लागली पाहिजे हं. एक जानेवारीला तुमची गाडी म्हातारी." म्हणजे बोटीवर चढताना लग्नाची आणि उतरताना निवृत्त! मी फोनवर बोटीचा नकाशा लावून बसलो. सिंगापूरला ती चार दिवस हललीच नाही. रात्री दोनला उठून मी हिंदी महासागरातला एक हिरवा ठिपका बघत असे. बायको म्हणाली, "मी पहिल्यांदा एकटी विमानानं आले तेव्हा बघितला होतास का असा ठिपका?" बोट २६ तारखेला मोंबासाला लागली. बायको अजून लागलेली आहे.

पुढचा अंक कस्टमचा. आपण गाडी कितीला घेतली त्याची पावती तिथे मायेने बघतात आणि बाजूला ठेवतात. नव्या गाडीची किंमत काय, याचा त्यांचा स्वतःचा तक्ता असतो. त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा करून जो आकडा येतो तो खरा. म्हणजे माझ्या घासाघिशीची किंमत शून्य. त्या आकड्यावर आयातशुल्क, दोन्हींच्या बेरजेवर अबकारी, तिन्हींच्या बेरजेवर १६ टक्के व्हॅट. दहीहंडीचे थरच ते. वर हंडी सरकारची आणि सगळ्यांत खाली मी. शिवाय रेल्वेच्या विकासासाठी वेगळा अधिभार! मोटार घेणाऱ्याने रेल्वेला वर्गणी द्यायची. मीही इरेला पेटून गाडी आणायला मोंबासाला रेल्वेनेच गेलो.

पण त्याआधी आठ दिवस एजंटाचे. गाडी बंदरात, मुदतीनंतर तिचं दिवसाचं भाडं चालू, आणि मी रोज विचारायचो, "कागद कधी मिळणार?" एजंट हसून म्हणायचा, "केशो." स्वाहिलीत केशो म्हणजे उद्या. आमच्या आईला हे कोण सांगणार? ती रोज फोनवर चौकशी करायची आणि बायको थकून सांगायची, "अजून केशोच चाललंय." शेवटी आई चिडली, "अरे, त्या एजंटाच्या नादी काय लागतोस? त्या केशवलाच थेट भेट ना! आपल्यातलाच दिसतोय, ऐकेल."

केशव प्रसन्न झाला आणि गाडी दारात आली. हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मी किल्ली फिरवली आणि गाडीतून एक गोड बाई बोलली, "ईटीसी कादो गा सोन्यू सारेते इमासेन." पाठोपाठ टुंग. बायकोने चटकन हात जोडले. रेडिओ मात्र बहिरा निघाला. जपानी एफएम ७६ पासून सुरू होतं आणि नव्वदच्या आसपास संपतं. नैरोबीची बरीचशी स्टेशनं त्याच्या वर. त्यामुळे गाडीत आवाज फक्त या बाईंचा. त्या सकाळी 'सावकाश जा, लवकर या' म्हणतात, असं बायकोने ठरवून टाकलं. ती त्यांना "येतो हं" म्हणू लागली. मुलगी तर शाळेत उतरताना त्यांना टाटा करायची. जपानी कोणाला येत नव्हतं, पण या सगळ्या व्यवहारात काही न मागता बोलणारी ही एकच व्यक्ती भेटली, यावर घरात एकमत होतं.

सहा महिन्यांनी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला घरी सोडायला निघालो. तो ओसाकात शिकलेला. बाई बोलल्या आणि तो खो खो हसत सुटला. "अरे, ही टोलचं कार्ड मागतेय. कार्ड घातलेलं नाही म्हणते." आपल्या फास्टॅगचीच ती जपानी बहीण. मूळ मालकाने कार्ड काढून घेतलं आणि यंत्र तसंच ठेवलं. म्हणजे योकोहामापासून माझ्या दारापर्यंत ज्याने त्याने पैसे मागितले, आणि जिला आम्ही रोज निरोप देत होतो, ती तर सगळ्यांत आधीपासून मागत होती.

घरी येऊन सांगितलं. बायको गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली, बाईंनी कार्ड मागितलं, टुंग झालं. बायकोने पट्टा लावला आणि समोर बघत शांतपणे म्हणाली, "केशो."